मीलन, वंश आणि राणीमाशीवरील ताण : एका तुलनेची तपासणी

राणीमाशीच्या शरीरावर मीलनाचा ताण कितपत पडतो, आणि तो निरनिराळ्या वंशांत कमीअधिक असतो काय, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. मीलन झालेली राणी व कुमारी राणी यांच्या ठिकाणच्या ऑक्सिडीकरणरोधी एंझाइमांची तुलना करून त्याचे उत्तर काढावयाचे, ही रीत सोयीची खरी. तथापि तीत दोन दोष संभवतात.

पहिला दोष अर्थाविषयीचा होय. शुक्रकोश म्हणजे राणीच्या पोटातील शुक्राणू साठविण्याची पिशवी. मीलनोत्तर या कोशात कॅटॅलेज व ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज यांच्या जनुकांचे कार्य दहा ते वीस पट वाढते, असे कॉलिन्स, विल्यम्स व इव्हान्स यांनी २००४ साली दाखविले. सुपरऑक्साइड डिस्म्युटेजच्या जनुकाचे कार्य मात्र कुमारी राणीतही मुळातच पुष्कळ असते. ही वाढ ताणाची निदर्शक मानण्याचा मोह सहज होतो. परंतु साठविलेले शुक्राणू श्वसन करीत असतात, आणि राणीला ते काही वर्षे जिवंत राखावयाचे असतात. तेव्हा एंझाइमांची वाढ ही आघाताची खूण नसून संरक्षणाची सिद्धता असू शकेल. ताण सिद्ध करावयाचा, तर प्रथिने व मेद यांची झालेली हानीच मोजली पाहिजे.

दुसरा दोष वंशभेदाविषयीचा. राणी उडत असता अनेक नरांशी संयोग पावते, व ते कोणत्या वंशाचे हे पाहणाऱ्यास कळत नाही. त्यामुळे इटालियन व कार्निओलन राण्यांत फरक आढळला, तरी तो राणीचा की नरांचा, याचा निर्णय होत नाही. कृत्रिम वीर्यसेचनाने नर निवडता येतात. पण त्याकरिता राणीला कार्बन डाय-ऑक्साइडने निश्चेष्ट करावे लागते, आणि हा वायू कुमारी राणीलाही अंडी घालण्यास प्रवृत्त करतो, हे मॅकेन्सेन यांनी १९४७ सालीच दाखविले आहे. म्हणजे एक अडचण टाळताना दुसरी पदरी येते.

यास्तव प्रत्येक वंशातील समवयस्क भगिनी-राण्यांचे चार गट आवश्यक ठरतात : काहीही न केलेल्या कुमारी, केवळ वायू दिलेल्या कुमारी, स्ववंशीय नरांचे वीर्य दिलेल्या आणि परवंशीय नरांचे वीर्य दिलेल्या. हा भेद न पाळल्यास ज्या वंशाच्या राण्या शुक्राणूंचे रक्षण उत्तम करतात, त्यांनाच ताणग्रस्त ठरवून पैदाशीतून वगळण्याची चूक घडेल. आणि तिची किंमत मधुपालकास द्यावी लागेल.