भयवस्तूचे संग्रहालयीकरण

स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘जॉज’ (१९७५) या चित्रपटातील भय शार्कच्या अदर्शनातून निर्माण होते. चित्रीकरणासाठी बनवलेले यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडले. परिणामी पडद्यावर बराच काळ उरले ते केवळ पाणी, पिवळी पिंपे आणि संगीत. लॉस एंजेलिस येथे २०२१ साली खुल्या झालेल्या अकादमी संग्रहालयात मात्र २५ फुटी शार्क सगळ्या देहानिशी टांगलेला आहे. तोही चित्रपटात वापरलेला नव्हे. मूळ साच्यातून नंतर काढलेली ती फायबरग्लासची प्रतिकृती आहे. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते, असे वॉल्टर बेन्यामिनचे प्रतिपादन होते. येथे चित्रपटाच्या असंख्य प्रतींनीच एका प्रतिकृतीला तेजोवलय बहाल केले आहे. तिच्याखाली उभा असलेला प्रेक्षक भयभीत होत नाही. आपण एकेकाळी भ्यालो होतो, याची तो खातरजमा करून घेतो.