'कीचकवध' उरले, 'सैरंध्री' हरपली

बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री'चा गौरव आपण वारंवार वाचतो. १९२० साली पुण्यात झळकलेला हा मूकपट आज उपलब्ध नाही. आणि न पाहिलेल्या कृतीला थोर म्हणणे भक्तीला शोभते, समीक्षेला शोभत नाही. तरीही तिच्याविषयी साधार असे काही बोलता येईल काय?

या चित्रपटाच्या मुळाशी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' (१९०७) हे गद्य नाटक होते. त्यातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रीत परवश देश पाहिला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. युधिष्ठिराचा संयम आणि भीमाचा संताप यांच्या वादातून हा अर्थ उमटत होता. मूकपटाच्या पडद्यावरील चार ओळींच्या मजकुरात तो वाद मावणारा नव्हता. मग शिल्लक काय राहिले?

याचे उत्तर सेन्सॉरच्या कात्रीने देऊन ठेवले आहे. भीमाने केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका भीषण वठला की, तो भाग गाळावा लागला. नाटकात धास्ती अर्थाची होती, चित्रपटात ती दृश्याची झाली. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविलेल्या आणि पुढे स्वतः कॅमेरा घडविलेल्या या कलावंताने नाटकाची केवळ छायाचित्रे घेतली नव्हती, दृश्याच्या भाषेत नवी कृती रचली होती, एवढे अनुमान या पुराव्यावर करता येते; त्यापुढे जाऊ नये.

नाटकाचा प्रयोग त्या रात्रीच संपतो, पण संहिता मागे राहते. एकोणिसाव्या शतकात येथे लखनौत अमानतांनी लिहिलेली 'इंदरसभा' आजही वाचता येते. बंदी आलेले 'कीचकवध'ही वाचता येते. मूकपटाची मात्र फीत हीच संहिता आणि फीत हाच प्रयोग. नायट्रेटची ती फीत कुजते, पेट घेते. शिवाय १९३१ साली बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. सरकारने दडपलेले नाटक अशा रीतीने टिकले, आणि सरकारने दाखवू दिलेला चित्रपट नाहीसा झाला.

या नाशाचा दोष परक्या राजवटीवर टाकता येणार नाही. लोकमान्यांनी पेंटरांना दिलेली 'सिनेमा केसरी' ही पदवी आपण अभिमानाने जपली; ज्या फितीसाठी ती दिली, ती जपली नाही.

— सरोजिनी नगर, लखनौ