मांसल कोंबड्यांचे पिण्याचे पाणी : प्रचलित मानदंडांची चिकित्सा

पशुकल्याणाच्या आधुनिक विचारात तहानेला अग्रस्थान आहे. ब्रिटनच्या फार्म ॲनिमल वेल्फेअर कौन्सिलने १९७९ साली मांडलेल्या पाच मुक्ततांपैकी पहिली मुक्तता भूक व तहान यांपासूनचीच होय. तथापि मांसल कोंबड्यांसंबंधीचे नियम व तक्ते तपासले असता, नेमक्या याच तत्त्वाची हेळसांड झालेली दिसते. पक्षी खाद्याच्या वजनाच्या साधारणतः दीडपट ते दुप्पट पाणी पितो, आणि उन्हाळ्यात हे प्रमाण बरेच वाढते. असे असूनही खाद्याच्या घटकांचा काटेकोर हिशेब ठेवणारे शास्त्र पाण्याविषयी मात्र ढोबळ विधानांवर समाधान मानते.

युरोपीय संघाच्या २००७ च्या निदेशात पाणीपात्रांविषयी जी अपेक्षा आहे, ती सांडलवंड कमीत कमी व्हावी, एवढीच. पाणीपुरवठा ‘योग्य’ असावा ही अट १९९८ च्या सर्वसाधारण निदेशातून येते. परंतु योग्य म्हणजे काय, हे तेथेही मोघमच राहते. गादी कोरडी राहावी हा हेतू निःसंशय रास्त आहे. मात्र निपलमधील दाब उतरवूनही गादी कोरडी ठेवता येते, आणि मग तिची किंमत पक्ष्याची तहान भरते. ही शक्यता नियमाने लक्षात घेतलेली नाही.

‘वेल्फेअर क्वालिटी’ या नावाने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापन-पद्धतीतही दीर्घ तहानेचा अभाव ठरविला जातो तो दर निपलमागे पक्षी किती, या गणनेवरून. येथे साधन मोजले जाते, तहान नव्हे. अर्धवट तुंबलेली निपलही या गणनेत पूर्ण भरते. याच सुमारास युरोपातील संशोधकांनी कळपात उघडे पाणीपात्र ठेवून पक्षी किती पाणी पितात, हे पाहण्याची चाचणी मांडली. ती अधिक श्रमाची आहे. पण प्रश्न पक्ष्यालाच विचारते, हा तिचा मोठा गुण होय.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९७४ च्या तक्त्याची गोष्ट अशीच. लिटरला १,००० ते ३,००० मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असलेले पाणी त्यात समाधानकारक ठरते. विष्ठा पातळ होण्याचा संभव तेवढा नोंदविला आहे. वाढ आणि मृत्यू यांच्या मापाने हा निर्णय बरोबर असेल. परंतु पातळ विष्ठेने गादी भिजते, ओल्या गादीतून अमोनिया उठतो आणि तळपायांना व्रण पडतात. मरणाच्या तक्त्यात न दिसणारे दुःख पायांवर दिसते. शिवाय क्षारांची एकूण बेरीज सोडियम व मॅग्नेशियम यांच्या सल्फेटांचा रेचक परिणाम झाकून टाकते. विदर्भातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हा तक्ता जसाच्या तसा वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शुद्धतेच्या परीक्षेतही हाच दोष आहे. नमुना विहिरीवरून घेतला जातो. पक्षी पितो ते नळीच्या टोकाशी. पिल्लांच्या उबदार घरात पाणी संथ वाहते, औषधांतील साखरेवर जंतूंचा बुळबुळीत थर पोसतो. क्लोरीनची मात्रा सांगून सामू न सांगणे हेही अपुरेच. कारण सामू ८ च्या वर गेल्यास जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाचा अंश फार थोडा उरतो.

मांसाच्या दर्जाविषयीची विधाने तर अधिक सैल आहेत. जंतुसुरक्षा, उतारा आणि रंग ही तीन भिन्न अंगे एकाच शब्दात कोंबली जातात. कत्तलीपूर्वी खाद्य बंद असताना पाण्यात लॅक्टिक आम्ल दिल्यास अन्नपिशवीतील साल्मोनेला घटतात, हे २००१ च्या अमेरिकन प्रयोगाने दाखविले. परंतु आम्लाच्या चवीमुळे पक्षी कमी प्याला, तर शरीर शुष्क होऊन उतारा घटतो. एका अंगाचा लाभ दुसऱ्या अंगाची हानी ठरू शकतो. शिजलेल्या मांसाचा गुलाबीपणा पाण्यातील नायट्रेटच्या माथी मारण्यापूर्वीही, त्याचे नायट्राइट झाले का, आणि कार्बन मोनॉक्साइडसारखी अन्य कारणे वगळली का, हे पाहिले पाहिजे.

सारांश, पाण्याचा मानदंड विहिरीवर, नळीवर वा निपलच्या संख्येवर ठरून भागणार नाही. पिणाऱ्या पक्ष्याचे वर्तन, त्याचे तळपाय आणि शेवटी त्याचे मांस, यांची एकत्र नोंद ठेवणारे संशोधनच या विषयाला शास्त्राची पदवी मिळवून देईल.