संगीताचे अवैध डाऊनलोड : मोबदला, संमती आणि नाव

संगीताच्या अवैध डाऊनलोडविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा दोन टोकांमध्ये फिरत राहते. ध्वनिमुद्रण कंपन्या या कृतीस 'चोरी' म्हणतात; श्रोता विचारतो, मी गाणे उतरवून घेतल्याने कोणाचे गाणे कमी झाले? कलावंताचे नाव दोन्ही पक्ष घेतात, परंतु त्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात चित्रपटसंगीत आणि हिंदुस्थानी रागसंगीत या दोन क्षेत्रांपुरता हा प्रश्न तपासावयाचा आहे.

अमेरिकेत १९९९ मध्ये नॅप्स्टर आले आणि न्यायालयीन आदेशामुळे २००१ मध्ये बंद पडले. जगभरची चर्चा याच घटनेभोवती रचली गेली. आपल्याकडे मात्र इंटरनेटपूर्वीच नकलेचा बाजार स्थिरावला होता. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे स्वस्त कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली व प्रादेशिक संगीताला बाजार मिळवून दिला. त्याच कॅसेटने अनधिकृत प्रतींचाही सुळसुळाट केला. पुढे एमपी-थ्रीच्या सीडी आल्या, आणि नंतर मोबाइलच्या दुकानात अल्प दरात मेमरी कार्ड 'भरून' मिळू लागले. हा व्यवहार फुकटचा नव्हताच. दुकानदारास पैसे मिळत, कार्ड बनविणाऱ्यास मिळत. गीतकार-संगीतकारास तेवढे मिळत नसत.

'नाहीतरी कलावंताला काय मिळते?' हा श्रोत्याचा आवडता युक्तिवाद. तो अगदीच निराधार नव्हता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या संगीताचा प्रथम स्वामी सामान्यतः निर्माता होय. तत्पूर्वी, १९६० च्या दशकात, गायकांना रॉयल्टी मिळावी काय या प्रश्नावर लता मंगेशकर व मोहम्मद रफी यांच्यात मतभेद होऊन काही काळ त्यांचे एकत्र गाणे थांबले होते. २०१२ च्या दुरुस्तीने हे चित्र बदलले. चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतील गीतकार-संगीतकारांचा वाटा आता करारानेही काढून घेता येत नाही. गायक-वादकांच्या व्यापारी मोबदल्यासही मान्यता मिळाली. हा वाटा गाणे किती वेळा वापरले गेले याच्या नोंदीवर अवलंबून असतो, आणि अवैध प्रत नेमकी त्या नोंदीबाहेर राहते. म्हणजे जुन्या अन्यायाच्या आधारे केलेला युक्तिवाद आज कलावंताच्याच विरोधात जातो. तसेही, कंपनीने कलावंतास नाडले म्हणून श्रोत्यासही तो परवाना मिळतो, हे तर्कशास्त्र चमत्कारिकच म्हणावे लागेल. कायद्याने खासगी वापरासाठी 'उचित व्यवहारा'ची मुभा ठेवली आहे खरी. ती संपूर्ण संग्रह उतरवून घेण्यापर्यंत ताणता येईल काय, हे वादग्रस्तच आहे.

रागसंगीतात प्रश्नाचे स्वरूपच पालटते. येथे पैशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, संमतीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. खासगी मैफलींची असंख्य ध्वनिमुद्रणे रसिकांनी स्पूल टेपवर केली. कधी कलावंताच्या परवानगीने, कधी 'घरातच राहील' या शब्दावर, कधी त्याच्या नकळत. अल्लादियाखाँसाहेबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनीही आपला स्वर यंत्राच्या हाती काटकसरीनेच दिला. त्यांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत अंतराळात गेले, हा योगायोग मोठा हृद्य आहे. परंतु ते प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण होते. मैफलीतील टेपचे तसे नाही. एखादी संध्याकाळ साधत नाही, आवाज बसलेला असतो, वय झालेले असते. आपले कोणते गाणे मागे राहावे हे ठरविण्याचा अधिकार गाणाऱ्याचा आहे की टेप लावणाऱ्याचा? भारतीय कायद्याने प्रयोगकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केला. त्यापूर्वीच्या टेपबाबत कायदा फारसे बोलत नाही, म्हणून शब्द देणाऱ्याचे दायित्व संपत नाही.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. कंपन्यांनी अनेक मौल्यवान ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे बाजारात आणली नाहीत. संग्राहक नसते तर घराण्यांच्या अभ्यासकाला कानांनी पडताळण्यासारखे फारच थोडे उरले असते. हे ऋण मान्य करूनच पुढचा भेद करावयास हवा. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेच्या परंपरेत ध्वनिमुद्रणाइतकेच त्याच्या माहितीला महत्त्व असते. हातोहात फिरणाऱ्या फाइलमध्ये नेमकी हीच माहिती गळते. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी हा त्यामागील हेतू. शंभर वर्षांनी त्याच संगीताच्या फाइलवर केवळ आडनाव व क्रमांक आढळतो. देसकारास भूप म्हटलेले असते, आरंभीची आलापी कापलेली असते. विद्यार्थी अशा फाइलवरून राग शिकतो, पुढे शिकवितो, आणि क्वचित प्रबंधातही तिचा हवाला देतो! साथीदारांची नावे तर सर्वप्रथम नाहीशी होतात. जुन्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, तेव्हा त्यांतील पुष्कळशा बाबतींत 'अवैध' हा शब्द आज लागूही पडत नाही. नाव पुसले जाण्याची हानी मात्र तशीच राहते.

अल्प वर्गणीत किंवा जाहिरातींसह विनामूल्य लाखो गाणी ऐकविणाऱ्या अधिकृत सेवांमुळे आता 'परवडत नाही' या सबबीला फारसा अर्थ उरलेला नाही. या सेवांनी मोबदल्याचा हिशेब ठेवला, तो कलावंतास पुरेसा पडतो काय हा प्रश्न वेगळा. परंतु नावाबाबत त्यांची वागणूकही अनेकदा त्या मेमरी कार्डापेक्षा फार निराळी नसते. सारंगीची साथ कोणाची, हे जाणून घ्यावयाचे तर आजही बहुधा जुन्या एलपीच्या वेष्टनाची मागची बाजूच पाहावी लागते.