भोंदू आणि भला

सिंक्लेअर ल्यूइस यांची ‘एल्मर गँट्री’ ही कादंबरी १९२७ साली निघाली आणि अमेरिकेतील सुवार्तिकांचे जग तिने चव्हाट्यावर मांडले. तिचा नायक मद्यपी, स्त्रीलंपट आणि कीर्तीला हपापलेला. तरी अखेरीस न्यूयॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये उभा राहून तो साऱ्या देशाला नीती शिकवू पाहतो. उपहास झणझणीत खरा. पण एक उणीव सलते. गँट्री आरंभापासूनच पोकळ आहे. जो पायरी चढलाच नाही, त्याच्या घसरण्याची हळहळ ती कसली? प्रामाणिक फ्रँक शॅलर्डही कादंबरीत आहे. पण त्याच्या वाट्याला अधिकार नाही, मार येतो.

भलेपणा आणि सत्तेची ओढ एकाच देहात नांदली तर? ते पाहायला बिली ग्रॅहॅम यांचे चरित्र वाचावे. देणग्यांच्या पैशाबाबत ते इतके दक्ष, की पुढे त्यांनी ठराविक पगारच पत्करला. पण १९५० साली ट्रूमन यांना भेटून बाहेर येताच त्यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर छायाचित्रकारांपुढे गुडघे टेकले. १९७२ साली त्यांचे स्नेही राष्ट्राध्यक्ष निक्सन ज्यूंविषयी गरळ ओकू लागले, तेव्हा त्यांना हटकण्याऐवजी ग्रॅहॅमनी त्यांची री ओढली. ती ध्वनिफीत २००२ साली उघड झाली आणि वृद्ध ग्रॅहॅमना क्षमा मागावी लागली.

भोंदूला लोक केव्हा ना केव्हा ओळखतात. सत्तेपुढे नमणारा भला माणूस ओळखणे अवघड. कारण त्याच्यावर आपली श्रद्धा असते. ती कादंबरी ल्यूइस यांच्या हातून लिहायची राहिली.