कार्नोचे श्रेय नेमके कशाचे?

सादी कार्नो (१७९६–१८३२) या फ्रेंच अभियंत्याला ‘उष्मागतिकीचा जनक’ म्हणून हात जोडायचे आणि पुढे सरकायचे, ही एक सोयीची वाट. उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नावाचा वजनरहित द्रव, असे तो मानत होता म्हणून त्याला बाद करायचे, ही दुसरी. माझ्या मते दोन्ही वाटा चुकतात.

१८२४ साली त्याने आगीच्या प्रेरक शक्तीवर एक छोटे पुस्तक काढले. प्रश्न व्यवहारातला होता : वाफेच्या इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळेल? उत्तर शोधताना त्याने पडत्या पाण्याचा दाखला घेतला. पाणी उंचावरून पडते तसे कॅलरिक गरम बाजूकडून थंड बाजूकडे ‘पडते’ आणि त्यातून काम निघते.

या उपमेत खरेखोटे एकत्र विणलेले आहे. चक्की फिरवूनही पाणी तेवढेच राहते, म्हणून उष्णताही तेवढीच राहते, हे चूक. काम होताना काही उष्णता खर्ची पडते. पण उतार नसेल तर कितीही पाणी असून चक्की फिरत नाही. तापमानात फरक नसेल तर कितीही उष्णता असून इंजिन चालत नाही, हे बरोबर. कमाल काम वाफेवर की हवेवर यावर नव्हे, तर दोन तापमानांवर ठरते, हा त्याचा खरा शोध.

१८५० साली क्लॉसियसने कॅलरिक काढून टाकले, तरी हा निष्कर्ष ढळला नाही. फक्त पाया बदलला. याहून सरस इंजिन असते तर काम फुकट निर्माण झाले असते, असे कार्नो म्हणे. तसे असते तर उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे गेली असती, असे क्लॉसियस म्हणाला. पाठ्यपुस्तकातले ‘कार्नो कार्यक्षमते’चे सूत्र मात्र मूळ पुस्तकात नाही, ते क्लॉसियस आणि थॉमसन यांच्या कामातून आले. १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांवरून दिसते, की कार्नोने स्वतःच पुढे कॅलरिक सोडून दिले होते.

बल्लारपुरात राहून हा वाद मला पुस्तकी वाटत नाही. शेजारी चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. वाफ ५४० अंश सेल्सिअसला आत जाऊन ४० अंशांना थंड होते असे धरले, तर आदर्श इंजिनाचीही मर्यादा सुमारे ६१ टक्के येते. प्रत्यक्षात अशा केंद्रांत कोळशाच्या उष्णतेचा एक-तृतीयांशाहून थोडाच अधिक भाग वीज होतो. उरलेली बहुतेक शीतक मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून आपल्याच आभाळात जाते. त्यातले निसर्गनियमाचे किती आणि माणसाच्या हयगयीचे किती, हे वेगळे करण्याची मोजपट्टी कार्नोने दिली. ती हातात नसली, की सगळाच अपव्यय नियमाच्या माथी मारणे फार सोपे होते.