हंडा आणि खिळा

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (2018) लोभाबद्दल आहे, असं त्यावर लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाने म्हटलं आहे. त्यात चूक काही नाही, चित्रपट स्वतःच तसं सांगतो. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा दुसऱ्यांदा पाहताना मला मात्र वेगळीच गोष्ट खुपली. 'तुंबाड'मध्ये सोनं खरं असतं. वाड्यात धन आहे ही अफवा नाही, ते हाताला लागतं, पुण्यात नेऊन मोडता येतं. ज्या मुलखात मी वाढलो, त्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात 'वाड्यात हंडा पुरलाय' ही गोष्ट प्रत्येक गावात आहे. या लेखात मला तपासायचं आहे ते एवढंच, की अशा मुलखातल्या प्रेक्षकाने सोनं खरं मानणाऱ्या चित्रपटाचं काय करायचं?

आधी श्रेय द्यायला हवं. नारायण धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा आणि श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधलं नाव घेऊन बर्वे आणि सहकाऱ्यांनी जे उभं केलं, त्याला मराठी घराचा वास आहे. न थांबणारा पाऊस, कुजलेली कौलं, साखळीने बांधलेली म्हातारी. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात ओल दिसत नाही, जाणवते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चित्रपटाने धनाला कष्ट जोडले. विनायकला हंडा सापडत नाही. त्याला दोर बांधून उतरावं लागतं, कणकेची बाहुली मळावी लागते, हस्तर ती खाईपर्यंतच्या काही क्षणांत लंगोटातून चार नाणी पाडावी लागतात आणि पुन्हा वर चढावं लागतं. म्हणजे ही नोकरीच झाली. जोखमीची, पगार बरा असलेली, आणि मुलाला लहानपणीच शिकवायची. आयटीत काम करणाऱ्या माझ्या पिढीला हा विनायक परका वाटत नाही.

पण त्याच्या मुठीतली नाणी बघा. ती कुणाच्या राज्यातली, कोणत्या सालची, कुणी पाडली, हा प्रश्न कथेला पडतच नाही. ते धन देवतेच्या पोटातलं आहे, त्याला इतिहास नाही. जमिनीत सापडणाऱ्या खऱ्या नाण्याचं सगळं मोल मात्र इतिहासातच असतं. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. ती नहपानाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. एका राजाने दुसऱ्याला हरवलं, याचा हा धातूतला पुरावा. हीच नाणी सुटी सुटी सराफाकडे गेली असती तर उरली असती फक्त चांदी. विनायक आयुष्यभर सराफाच्याच नजरेने बघतो. अडचण ही, की कॅमेराही त्याच नजरेने बघतो.

याच्या उलट नजर कशी असते, हे मला एका यंत्राने शिकवलं. दोन वर्षांपूर्वी मावसभावाने हौसेने मेटल डिटेक्टर जुळवला होता. तो घेऊन आम्ही सांगलीतल्या आजोळच्या परसात दोन दिवस फिरलो. यंत्राचं तत्त्व सोपं आहे. एका कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याच्या टप्प्यात धातू आला की त्यात भोवरे प्रवाह निर्माण होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उमटतं आणि ते दुसरी कॉइल पकडते. नाण्याएवढी वस्तू असेल तर टप्पा साधारण वीतभर. पुरुषभर खोल पुरलेला लहानसा डबा अशा यंत्राच्या कक्षेबाहेरचा. त्यात आपली जमीन पडली बेसॉल्टची. तिच्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे जमीन स्वतःच कुजबुजत राहते. आधी ती कुजबुज वजा करायची, मग कान लावायचा.

दोन दिवसांत निघालं ते असं: चौकोनी घडीव खिळे, बैलाच्या खुराचा पत्रा, सोड्याच्या बाटलीची बुचं, अर्धा अडकित्ता, कडीचा कोयंडा आणि दहा पैशांचं कंगोऱ्याचं अॅल्युमिनियमचं नाणं. खिळे सगळ्यात जास्त, आणि तेही एकाच कोपऱ्यात. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "तितं गोठा हुता की रं." आता तिथं तुळस आहे. खिळ्यांनी गोठ्याचा नकाशा काढून दिला होता. यंत्राला सोनं आणि लोखंड यांतला फरक कळतो, पण त्यांतलं महत्त्वाचं कोणतं ते कळत नाही. ते आपण ठरवतो.

मराठीत ही खिळ्याची नजर ज्याच्याकडे आहे असं घराचं नाटक म्हणजे महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (1985). तिथेही सोनं आहे, पण ते जमिनीत नाही, घरात आहे. ते आजवर मोडलेलं नाही म्हणून घराला घरपण आहे, आणि शेवटी ते पोरीबरोबर पळून जातं. वाड्यासमोर एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. हा ट्रॅक्टर मला मराठी रंगभूमीवरची सगळ्यात बोलकी धातूची वस्तू वाटतो. शेती कुणी करायची, पैसा कुठे गेला, मुलं मुंबईला का गेली, सगळं त्या गंजात आहे. एलकुंचवारांना भूत लागत नाही, कारण त्यांच्याकडे तारखा आहेत.

'तुंबाड'लाही तारखा आहेत: 1918, 1933, 1947. तिसऱ्या तारखेला तो संपतो. पश्चिम महाराष्ट्रात वाड्यांची गोष्ट खऱ्या अर्थाने पेटते ती पुढच्या वर्षी. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजचा बराचसा सांगली जिल्हा त्यातच होता) ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्याच वर्षी कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी करून दिली. अनेक घराणी पुण्या-मुंबईला गेली. मागे राहिली जळकी तुळवटं, वाटण्यांचे दावे आणि एक वाक्य: 'जाताना हंडा पुरून गेले.'

हे वाक्य दोन तोंडांनी बोललं जातं. गेलेल्यांच्या घरी त्याचा अर्थ, आमचं वैभव अजून तिथे आहे. राहिलेल्यांच्या घरी त्याचा अर्थ, इथून उपसलेलं इथेच कुठेतरी असणार, ते आमचं आहे. एकाला जळिताबद्दल बोलायचं नसतं, दुसऱ्याला खंडाबद्दल आणि वेठीबद्दल बोलवत नाही. दोघांनी मिळून न बोललेल्या गोष्टीवर ठेवलेलं झाकण म्हणजे हा हंडा. भयपटाला याहून चांगलं तळघर मिळणार नव्हतं. 'तुंबाड' त्याच्या दारापर्यंत येऊन 1947 लाच दिवा मालवतो. चित्रपटाने इतिहासाचा धडा द्यावा असं माझं म्हणणं नाही. पण तारखा त्यानेच मांडल्या आहेत, तेव्हा पुढची तारीख विचारायचा हक्क प्रेक्षकाला आहे.

आता सोनं खरं असण्याच्या मुद्द्याकडे येतो. जून 2022 मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळला एकाच कुटुंबातली नऊ माणसं मेली. आधी सामूहिक आत्महत्या वाटली. मग पोलिसांनी एका मांत्रिकासह दोघांना अटक केली. आरोप असा, की गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे उकळले आणि ते परत मागितल्यावर विष दिलं. ही बातमी वाचल्यानंतर 'लोभाची शिक्षा' ही 'तुंबाड'ची नीती माझ्या घशाखाली उतरत नाही. त्या नीतीत धन खरं असतं आणि दोष हावरटाचा असतो. म्हैसाळच्या आरोपात धन नाहीच. तिथे आहेत अडचणीतली माणसं आणि त्यांना आशा विकणारा एक बाहेरचा.

साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी हा फरक नेमका ओळखला होता. त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच, ऑगस्ट 2013 मध्ये, जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा समावेश आहे. कायदा लोभाला शिक्षा देत नाही, आशेच्या नावाखाली केलेल्या अघोरी कृत्याला देतो. नैतिकदृष्ट्या ही भूमिका मला 'तुंबाड'पेक्षा प्रौढ वाटते.

मग धनाच्या शोधाची गोष्ट शापाशिवाय सांगताच येत नाही का? मॅकेन्झी क्रूक यांच्या 'डिटेक्टरिस्ट्स' (2014 पासून) या बीबीसी मालिकेत दोन मध्यमवयीन मित्र डिटेक्टर घेऊन शेतात फिरतात आणि बहुतेक वेळा त्यांना डब्याच्या कड्या मिळतात. मालिका त्या कड्यांवर हसते, पण फिरण्याला हसत नाही. यामागे एक व्यवस्थाही आहे. तिथल्या 1996 च्या कायद्याने सापडलेलं धन चौदा दिवसांत कळवायचं असतं, आणि कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या किरकोळ वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करून घेणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे कायदा अजून 1878 चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा, बेवारस ठरलं तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला चौथा, लपवलं तर वर्षापर्यंत कैद. तरतूद वाटपाची आहे, नोंदीची नाही. गोठ्याच्या खिळ्यांसाठी त्यात कलम नाही. आपल्या कथांमध्येही नाही. आपल्याकडे पायाळू माणूस आहे, राखणीचा नाग आहे, अमावास्या आहे, पण शोधण्यातला निखळ आनंद लिहिलेला क्वचितच सापडतो.

खरं तर जमिनीखालच्या संपत्तीची अस्सल गोष्ट आमच्याकडे होती. सांगलीजवळ हरिपूरला पेवं आहेत: तोंड अरुंद, आत पसरत गेलेली, माणूस पूर्ण उतरेल इतकी खोल. त्यांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. पेव उघडलं की आत लगेच उतरायचं नाही, कोंडलेली हवा जीव घेते. वाट बघायची, मग दोर सोडायचा. विनायकचाच दोर, पण तळाला शाप नव्हता, शेतकऱ्याचा माल होता, त्याचा हिशेब होता आणि त्याला बाजारात भाव होता. 2005 च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्यांत शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. ती बुडाली तेव्हा त्या पिवळ्या पाण्यावर कुणी भयपट काढला नाही. त्यावरून डिटेक्टर फिरवला तर तो गप्प राहील. यंत्राचा त्यात दोष नाही, त्याला धातूच ऐकू येतो. कथा सांगणाऱ्याला तेवढी सबब नाही.